लेख संपतो तेथील चार ओळी

मराठवाड्यातील काही शिक्षक, शेतकरी, निवृत्त कर्मचारी आणि संगणक जाणणारी दोन-तीन तरुण मंडळी मिळून चालवत असलेले एक संकेतस्थळ आमच्या ग्रंथालयात रोज उघडले जाते. आठही जिल्ह्यांतील पिके, पाणी, गावांचा इतिहास, संतपरंपरा, मुक्तिसंग्रामाच्या आठवणी असे पुष्कळ काही त्यावर आहे आणि लिहिणारे सगळे विनामोबदला लिहितात. पदरमोड करून चाललेल्या कामाचे नाव घेऊन उणी काढणे बरे दिसत नाही, म्हणून नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. येथे मला लिहायचे आहे ते त्यावरील एकाच गोष्टीविषयी, म्हणजे लेख वाचून संपल्यावर खाली जे ‘संबंधित लेख’ दाखवले जातात त्यांविषयी. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर ही चौकट पूर्णपणे बदलण्यात आली. तिची जुनी अवस्था मी तीन वर्षे सोसली आहे आणि नवी चार महिने रोज वापरते आहे, तेव्हा दोन्हींची तुलना करण्यास हरकत नसावी.

मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. गेल्या वर्षी नागपंचमीच्या सुमारास शेजारच्या गावचे एक शेतकरी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सोयाबीनचे झाड घेऊन आले आणि ते त्यांनी थेट देवघेवीच्या नोंदवहीवर ठेवले. शेंडा मान टाकून वाळलेला होता आणि देठावर थोड्या अंतराने, ब्लेडने कापल्यासारख्या, दोन गोल खाचा होत्या. संकेतस्थळावर लेख लगेच सापडला आणि तो उत्तम होता. चक्रभुंग्याची मादी देठावर किंवा खोडावर अशी दोन चक्रे कोरते, त्यांच्या मधल्या भागात अंडी घालते, वरच्या भागाचे अन्नपाणी तुटल्याने तो वाळतो आणि अळी आतून पोखरत खाली सरकते, हे छायाचित्रांसह नीट समजावले होते. मामांनी चष्मा लावून झाड आणि छायाचित्र दोन-तीनदा ताडून पाहिले. साहजिकच त्यांचा पुढचा प्रश्न ‘आता करायचे काय’ हा होता आणि लेख तेथेच संपला होता. खाली बारा चित्रांची चौकट उघडली. तिच्यात सोयाबीनचे भाव घसरल्याची जुनी बातमी, एका शेतकरी मेळाव्याचा वृत्तान्त, बीबी का मकबऱ्याची सचित्र माहिती आणि सोयाबीनच्या पिठाची खमंग चकली हे चार मला अजून आठवतात. मामा म्हणाले, “ताई, चकली राहू द्या, औषध कुठंय ते बघा.”

गंमत अशी की औषध, म्हणजे त्या किडीच्या व्यवस्थापनावरचा स्वतंत्र लेख, त्याच संकेतस्थळावर होता आणि तो मला पुढे महिन्याभराने, दुसरेच काही शोधताना सापडला. माहिती नव्हती असे नव्हे. ती शेजारच्या खोलीत होती आणि मधला दरवाजा भिंतीत चिणलेला होता.

यंदा तोच लेख मी मुद्दाम उघडून पाहिला. बारा चित्रे गेली आहेत. त्यांच्या जागी साध्या अक्षरांत चार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीखाली बारीक टाइपात ती तेथे का आहे याचे कारण दिले आहे. पहिली ओळ व्यवस्थापनाच्या लेखाची असून तिचे कारण ‘याच किडीवरील उपाय’ असे आहे. दुसरी खोडमाशीची आहे आणि कारण आहे ‘सारखे लक्षण, वेगळी कीड’. ही दुसरी ओळ ज्याने कोणी जोडली असेल त्याने शेतात उभे राहून विचार केलेला दिसतो, कारण खोडमाशीनेही झाड असेच वाळते; फरक एवढाच की देठावर चक्रे नसतात आणि खोड उभे चिरले तर आत तांबूस, नागमोडी भुयार दिसते. चक्रभुंगा समजून खोडमाशीवर पैसे घालवणाऱ्या माणसाला ही एक ओळ पुरेशी आहे. उरलेल्या दोन ओळी पेरणीच्या वेळेविषयी आणि मित्रकिडींविषयी आहेत. त्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी चालले असते.

हे कारण लिहिण्याचे कलम मला सर्व बदलांत मोलाचे वाटते. नुसते ‘हेही वाचा’ म्हणणे म्हणजे रस्त्यात भेटलेल्या माणसाने ‘चला’ म्हणण्यासारखे आहे. कोठे आणि कशाला हे कळल्यावाचून शहाणा माणूस पाऊल उचलत नाही. कारण लिहिण्याची अट घातली की जोडणाऱ्यालाही शिस्त लागते, कारण चकलीच्या लेखासमोर ‘यातही सोयाबीन आहे’ असे लिहिताना कोणाचाही हात अडखळेल.

आमच्या व्यवसायात ही गोष्ट नवीन नाही. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. फळीवर ग्रंथ कसे लागावेत याविषयीही त्यांचे सुंदर निरीक्षण आहे. वाचकाला हवा असलेला विषय मध्यभागी असावा, त्याच्या दोन्ही बाजूंना लगतचे विषय असावेत आणि अगदी परके विषय त्याहून दूर असावेत, म्हणजे माणूस एका पुस्तकासाठी हात पुढे करतो आणि शेजारच्या दोहोंवरही त्याची नजर पडते. फळीची अडचण एवढीच की एक पुस्तक एकाच जागी बसू शकते. विहिरीवरचे पुस्तक शेतीत लावले की ते स्थापत्यात सापडत नाही. संकेतस्थळाला ती अडचण नाही. तेथे एकच लेख दहा लेखांच्या शेजारी उभा राहू शकतो आणि म्हणूनच तो नको त्या वीस लेखांच्या शेजारीही उभा केला जातो.

याहून जवळचे उदाहरण मराठी विश्वकोशाचे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये ज्याचा पहिला खंड आला, त्या कोशात पुष्कळ नोंदींच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून पुढे मोजकी शीर्षके दिलेली असतात. आमच्या संदर्भ विभागात स्पर्धा परीक्षेची मुले हे खंड उघडून बसतात, तेव्हा त्या ‘पहा’चा माग काढत ती एका खंडातून दुसऱ्यात कशी जातात हे मी अनेकदा पाहिले आहे. ती शीर्षके विषय जाणणाऱ्या माणसाने निवडलेली असतात आणि छापील पानावर जागा कमी असल्याने ती थोडीच असतात. नव्या चौकटीने बारावरून चारवर येऊन ही जागेची टंचाई आपणहून ओढवून घेतली, हे मला फार आवडले.

जुन्या चौकटीची निवड पूर्णपणे यंत्रावर सोपवलेली होती. दोन लेखांत सारखे शब्द किती एवढेच ती पाहत असे आणि बरोबरी झाली तर जास्त वाचला गेलेला लेख वर आणत असे. मराठवाड्यातील निम्म्या लेखांत ‘शेतकरी’, ‘पाऊस’ आणि ‘जिल्हा’ हे शब्द येतात, त्यामुळे सगळेच लेख सगळ्यांचे नातेवाईक ठरत. सर्वत्र आढळणाऱ्या शब्दाला वजन कमी आणि क्वचित आढळणाऱ्या शब्दाला जास्त द्यावे, ही युक्ती कॅरेन स्पार्क जोन्स या संगणक-शास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्येच मांडली होती. नव्या चौकटीत ती आता वापरली आहे, असे चालकांच्या टिपणात दिसते. ‘चक्रभुंगा’ हा शब्द ज्या पाच लेखांत आहे ते पाच लेख आता एकमेकांना ओळखतात. जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखांना मिळणारी ओढही काढून टाकली आहे, हे तितकेच चांगले झाले. नाहीतर मकबऱ्याचा लेख सगळीकडे दिसे, म्हणून सगळे तो उघडत, आणि सगळे उघडत म्हणून तो आणखी सगळीकडे दिसे. तेरच्या गोरोबाकाकांच्या किंवा औंढ्याच्या देवळाच्या लेखाला त्या गर्दीत पाय ठेवायला जागा उरत नसे.

परंतु मराठीत शब्द मोजणे हेच मुळात कठीण काम आहे आणि येथे नव्या चौकटीचीही चांगलीच फजिती झाली. आपल्याकडे नाम प्रत्ययाला सामोरे जाताना स्वतःच बदलते. ‘पाणी’चे ‘पाण्याचा’ होते, ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होते आणि मूळ शब्द ओळखण्यासाठी यंत्राला प्रत्यय छाटून, ह्रस्वदीर्घ सैल करून मागे जावे लागते. हे मागे जाणे जमले म्हणून आड, बारव आणि विहिरींवरचे विखुरलेले लेख एकत्र आले. मात्र त्याच कात्रीने ‘बिडाचा’ या शब्दाचे ‘बीड’ केले. मराठी माणसाला बीडचा म्हणजे बीड गावचा आणि बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा हे शिकवावे लागत नाही. यंत्राने मात्र पहिले दोन आठवडे ‘बीड जिल्ह्यातील गढ्या’ या लेखाखाली बिडाचा तवा वापरात कसा आणावा याची माहिती दाखवली. बिडाच्या तव्यावरचे धिरडे मलाही आवडते, पण गढीच्या बुरुजाखाली ते वाढून ठेवणे अंमळ विचित्रच होते. मी कळवल्यावर चूक चौथ्या दिवशी दुरुस्त झाली आणि अशा शब्दांसाठी अपवादांची एक यादीच तयार करण्यात आली.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’मधील ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र स्थान आहे, परंतु ‘अ’ काढून त्यावर चंद्र दिला तरी तसेच अक्षर उमटते. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील ‘ऱ’ तर निरनिराळ्या कळफलकांवरून दोन वेगवेगळ्या प्रकारे नोंदला जातो आणि पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. वाचकाला शब्द एक, यंत्राला दोन. जुन्या चौकटीत त्यामुळे एकाच विषयावरील लेखांचे दोन पंक्तिभेद झाले होते आणि कोणत्या लेखकाचा कळफलक कोणता यावर त्याच्या लेखाचे सोयरे ठरत होते. आता प्रत्येक लेख साठवताना ही अक्षरे एका रूपात आणली जातात. दिसायला काहीच बदललेले नाही, परंतु माझ्या मते अर्धी सुधारणा येथेच आहे.

गावांच्या नावांचा गुंता याहून जुना आहे. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर हा बदल २०२३ मध्ये अमलात आला, तेव्हा आधीचे लेख एका नावाने आणि नंतरचे दुसऱ्या नावाने अशी सरळ फाळणी झाली. अंबाजोगाई तर निजामी राजवटीतील कागदांत मोमिनाबाद म्हणून भेटते. चालकांनी पर्यायी नावांची सूची करून ही सगळी नावे एकत्र बांधली. लेखातील नाव लेखकाने लिहिले तसेच ठेवून फक्त जोडणी मागच्या बाजूने केली, हा निर्णयही योग्य झाला. याच उत्साहात ‘पैठण’ आणि ‘प्रतिष्ठान’ हेही एक मानण्यात आले, जे इतिहासाच्या दृष्टीने बरोबर आहे. परंतु आजच्या मराठवाड्यात गल्लोगल्ली कोणते ना कोणते प्रतिष्ठान असते. परिणामी सातवाहनांच्या राजधानीवरील लेखाखाली अजूनही अधूनमधून रक्तदान शिबिर आणि वह्यावाटप डोकावते. हा दोष मी तीनदा कळवला आहे.

तारखेचे प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. लातूरला पाणी घेऊन मिरजेहून रेल्वेगाडी आली ती एप्रिल २०१६ मध्ये. गेल्या उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याच्या एका ताज्या लेखाखाली त्या गाडीची बातमी जुन्या चौकटीने तारखेवाचून दाखवली आणि आमचे एक नेहमीचे वाचक, वय सत्तरीच्या पुढे, सकाळी दार उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले, कारण त्यांची मुलगी लातूरला असते आणि पुन्हा गाडीने पाणी आणण्याची वेळ आली असेल तर तिला इकडे बोलावून घ्यावे असे त्यांना वाटत होते. तारीख लेखात आत गेल्यावर दिसत होती, पण काळजी आत जाण्याची वाट पाहत नाही. नव्या चौकटीत प्रत्येक ओळीच्या आरंभी साल आहे आणि तीन वर्षांहून जुनी बातमी असेल तर ‘त्या वेळची बातमी’ असे लिहिलेले आहे. माझ्या अपेक्षेपेक्षा ही व्यवस्था जास्त चांगली आहे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांनी लिहिलेल्या आठवणींची नऊ भागांची मालिका आहे. तिच्या पहिल्या भागाखाली पूर्वी सातवा भाग येई. आता मागील आणि पुढील भाग संबंधित लेखांपासून वेगळे, वरच्या बाजूला दिलेले आहेत. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही, एवढेच की हे पहिल्या दिवसापासून असायला हवे होते.

यंत्र आणि माणूस यांच्या कामाची वाटणी कशी झाली आहे हे पाहण्यासाठी मी किल्लारीच्या भूकंपाचा लेख निवडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना तो झाला, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. परंतु वीस वर्षांचा वाचक तो लेख वाचून थांबतो तो एका प्रश्नापाशी, की इतकी माणसे दगावली कशी. जुन्या चौकटीने त्याला जगभरातील भूकंपांची यादी आणि ‘विसर्जन मिरवणूक उत्साहात’ ही बातमी दिली होती. आता यंत्र सुचवते ते कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाचे टिपण आणि पुनर्वसित गावांवरील लेख. संपादकांच्या हाताने जोडलेली ओळ आहे ‘माळवदाचे घर’. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी सऱ्या आणि वर मातीचा थर असलेली ही घरे उन्हाळ्यात गार राहतात, पण हादऱ्याने भिंत फुगून सुटली की वरचा सगळा भार आतल्या माणसांवर येतो. घरबांधणीच्या त्या लेखात ‘भूकंप’ हा शब्द एकदाच येतो आणि ‘किल्लारी’ एकदाही येत नाही. शब्द मोजून ही जोडणी कोणत्याही यंत्राला सापडली नसती. चारपैकी एक जागा माणसासाठी राखीव ठेवण्याचा नियम का केला असावा, हे त्या ओळीवरून मला समजले.

उणिवांपैकी एक मोठी आहे. संबंधित लेखांची निवड लेख प्रसिद्ध होताना एकदाच केली जाते आणि पुढे ती तशीच राहते. त्यामुळे नवा लेख जुन्यांना ओळखतो, पण जुना लेख नव्याला ओळखत नाही. जायकवाडीच्या बांधकामाचा, म्हणजे १९६५ ची पायाभरणी ते १९७६ चे लोकार्पण या काळाचा, एक जिव्हाळ्याने लिहिलेला लेख आहे आणि आमच्या वाचकांची सुरुवात बहुधा त्यापासूनच होते. परंतु विस्थापित गावांवर यंदा आलेली तीन उत्कृष्ट टिपणे त्याच्याखाली नाहीत. ती टिपणे मात्र त्या लेखाकडे बोट दाखवतात. रस्ता एकाच दिशेने चालू आहे, आणि तोही कमी रहदारीच्या बाजूने. दर महिन्याला सर्व जुन्या लेखांची निवड रात्री पुन्हा करून घेणे यंत्राला अवघड नाही, म्हणून ही मागणी मी येथे पुन्हा नोंदवते. दुसरी उणीव किरकोळ आहे: कारणाची ओळ इतकी बारीक आहे की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मोबाईल लांब धरूनही ती वाचवत नाही.

‘हा दुवा गैरलागू आहे’ अशी एक कळ आता प्रत्येक ओळीपुढे आहे आणि तिचा उपयोग होतो हे तव्याच्या प्रकरणात दिसलेच. त्याच जागी ‘दुवा सुचवा’ अशीही सोय आहे. सुयोग्य लेख नसेल तर जागा कशानेही न भरता रिकामी सोडली जाते. मागच्या आठवड्यात अंबाजोगाईच्या दासोपंतांनी लांबच लांब कापडावर लिहिलेल्या पासोडीविषयीचा लेख मी वाचला, तेव्हा खाली एकच ओळ होती आणि तीन जागा मोकळ्या होत्या. मुकुंदराजांवरील लेख मी सुचवला आणि कारणाच्या रकान्यात ‘याच गावचे’ एवढेच लिहिले. संध्याकाळी संपादकांपैकी एका ताईंचे उत्तर आले, की गाव एक असणे एवढ्यावर जोडायचे झाले तर अंबाजोगाईचे बसस्थानकही जोडावे लागेल. रात्री जेवणे झाल्यावर मी रकाना पुन्हा लिहिला: ‘वेदान्त मराठीत मांडणारे याच गावचे आधीचे ग्रंथकार’. सकाळी ग्रंथालय उघडून संगणक सुरू केला तेव्हा ती ओळ तेथे लागलेली होती, सालासकट.